मी तापलोच नव्हतो!

मी एक जुना फेक्या आहे. थापा मारणारा नव्हे हं, चेंडू फेकणारा. टेनिसच्या मैदानात जाळीच्या पलीकडे एक डबडं उभं असतं ना, वर चेंडूंची टोपली, खाली एकमेकांवर फिरणारी दोन रबरी चाकं आणि पुढे नळीसारखं तोंड, ते यंत्र म्हणजे मी. दर तीन सेकंदांनी माझ्या तोंडातून एक चेंडू सुटतो. कागदावर माझं नाव चांगलं लांबलचक आणि भारदस्त आहे, पण मैदानाची देखभाल करणाऱ्या काकांची जीभ काही त्याला वळेना. त्यांनी पहिल्याच दिवशी मला फेक्या करून टाकलं आणि तेच नाव चिकटलं.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जन्माचा भित्रा आहे. एवढ्या जोरात चेंडू फेकतो म्हणजे मोठा शूर असणार, असं लोकांना वाटतं. कसला शूर! कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा माझा पहिलाच चेंडू समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर बसला आणि काच खळ्ळकन फुटली. सगळे कारागीर पोट धरधरून हसले. मी मात्र खिळ्याखिळ्यातून थरथरत होतो. चेंडू माझा, तोंड माझं, पण तो कुणाला लागेल आणि मी कधी थांबेन हे माझ्या हातात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून जी भीती बसली ती आजतागायत गेलेली नाही.

मग मी या मैदानावर आलो. सिमेंटची दोन कोर्टं, भोवती तारेचं कुंपण, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली पत्र्याचं दार असलेली खोली. ती खोली माझं घर. सुरुवातीची वर्षं माझा काय तो थाट! माझ्यासमोर उभं राहायला लोक रांग लावायचे. रोज संध्याकाळी काका मला पुसून आत ठेवायचे. नवी यंत्रं आली, माझी नवलाई संपली, चाकांचं रबर झिजलं, तेव्हा तीच माणसं मला खटारा म्हणू लागली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. खटाऱ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही, आणि भित्र्याला तेच बरं असतं.

माझ्यात एक खोड होती, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. मी तापायचो. मोटारीच्या शेजारी नखाएवढी एक धातूची पत्री बसवलेली होती. मोटार फार तापली की ती पत्री वाकायची, वीज तुटायची आणि मी गप्प व्हायचो. दहा मिनिटांनी थंड झालो की पुन्हा कामाला हजर. चांगल्या शंभरेक चेंडूंनंतर ही वेळ यायची.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक अकरा वर्षांची मुलगी तिच्या बाबांचं बोट सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले, रॅकेट जवळजवळ तिच्याएवढीच. सर नेहमीप्रमाणे पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होते. सर म्हणजे मैदानावरचे प्रशिक्षक. एके काळी चांगले खेळाडू होते, गुडघा गेला तेव्हापासून मुलांना शिकवत होते. मी पहिला चेंडू फेकला. तिनं तो बॅकहँडनं असा काही परत मारला की सरांनी कप खाली ठेवला. दहा चेंडू झाले, वीस झाले. सरांचा चहा तसाच गार झाला.

हात सोन्याचा आणि राग नाकावर, अशी ती मुलगी होती. एक चेंडू जाळीत गेला की पाय आपटायची, दोन गेले की रॅकेट. सगळं मैदान तिला मिरची म्हणायचं, आणि तिच्या तोंडावर म्हणायचं. तिला ते आवडायचंही. माझ्या उजव्या कुशीला जो मोठा पोचा आहे, तो तिनं तेराव्या वर्षी रॅकेट फेकून मारली त्याचा. ती रॅकेट हवेतून गरगरत माझ्याकडे येताना मी पाहिली होती. मला बाजूला सरकता येत नाही. खरं सांगतो, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

सर तिला कधीच ओरडायचे नाहीत. तिला "दमलीस, थांब" म्हटलं की ती मुद्दाम आणखी शंभर चेंडू मारायची. "हात दुखतोय का?" विचारलं की डोळे वटारायची. दुखणं हा तिला अपमान वाटायचा. मग सरांनी एक युक्ती काढली. ते सराव चालू असताना माझ्या शेजारी येऊन उभे राहायचे. तिचं कोपर जरा खाली येऊ लागलं, चेंडू जरा उशिरा लागू लागला, की ते बुटाच्या टोकानं हळूच माझं बटण बंद करायचे आणि वर तोंड करून म्हणायचे,

"तापलं बुवा हे. बस दहा मिनिटं. पाणी पी."

मित्रांनो, निम्म्या वेळा मी तापलोच नव्हतो! चांगला थंडगार असायचो. आणि ती बया येऊन मला लाथ घालायची. "काय फालतू मशीन आहे! सारखं तापतं!" फुकटची बदनामी हो माझी! पहिले काही महिने मी सरांवर मनातल्या मनात फार चिडलो. मग एकदा त्यांनी मला बंद केलं, ती बादलीवर बसली आणि आपला उजवा खांदा दुसऱ्या हातानं चोळत राहिली. कुणी बघत नाही असं तिला वाटत होतं. सर पाठ करून उभे होते, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, घाल बाई लाथ. आणखी एक घाल.

अशी पाच वर्षं गेली. मिरची सोळाची झाली. तिच्या वयाच्या मुलींत तिला तोड नव्हती. दीड महिन्यानं निवड स्पर्धा होती. तिच्यातल्या पहिल्या चौघींना मोठ्या केंद्रात राहून शिकायला मिळणार होतं. त्याआधी सरावाची म्हणून एक छोटी स्पर्धा आमच्याच मैदानावर झाली. मी खोलीत होतो, दार अर्धं उघडं होतं, त्यातून मला एक कोर्ट दिसत होतं.

शेवटचा सेट होता. मिरची पुढे होती. समोरच्या मुलीनं एक अगदी सोपा, उंच, लोंबता चेंडू दिला. असला चेंडू डोक्यावरून खाली ठोकायचा, त्याला स्मॅश म्हणतात, आणि तो मिरचीच्या डाव्या हातचा मळ. ती चेंडूखाली सरकली, हात वर नेला आणि चेंडू जाळीत! सगळ्यांच्या तोंडून "अरे!" निघालं. मिरचीनं रॅकेट जाळीच्या खांबावर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दांडा मोडला. पंचांनी गुण कापला, तर ती पंचांशीच भांडायला लागली. पुढचे सगळे गुण तिनं रागातच घालवले आणि हरली.

त्यानंतर माझ्या खोलीच्या दारातच ते तिघं उभे राहिले. ती, तिचे बाबा आणि सर. मी आत अंधारात. मला हलायला जागा नव्हती आणि ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"महिनाभर स्मॅश नाही आणि सर्व्हिस नाही," सर म्हणाले. "खांद्याला विश्रांती हवी. निवड स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे."

"पुढच्या वर्षी?" मिरचीचा आवाज चिरकला. "मी रागावले म्हणून हरले, खांद्यामुळे नाही! माझ्या खांद्याला काही झालेलं नाही!"

"हात वर जात नव्हता तुझा."

"जातो! बघा, हा बघा जातोय!" आणि तिनं हात वर केला. वर करताना तिनं दातांवर दात दाबलेले मला दिसले. बाबा तिच्या मागे उभे होते, त्यांना ते दिसलं नाही.

बाबा विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे. पंप म्हणू नका, पंखे म्हणू नका, जळालेली कुठलीही मोटार त्यांच्याकडे आली की नवी तार गुंडाळून ती पुन्हा फिरती करायची, हा त्यांचा धंदा. गावातली माणसं त्यांच्या हाताची तारीफ करायची. लेकीवर त्यांचा फार जीव. ते सरांना म्हणाले, "सर, राग मानू नका. पण पाच वर्षं मी बघतोय. तुम्ही तर बोलतच नाही काही. बादलीवर बसता, नाही तर मशीनपाशी उभे राहता. शिकवतं ते मशीनच. आणि आता ऐन वेळी तुम्हीच पोरीचा पाय मागे ओढताय."

"मला कोच नकोच आहे," मिरची म्हणाली. "नको म्हणजे नको. मशीन आहे. बाबा आहे."

सर बाबांकडे बघून एवढंच म्हणाले, "तिला एकटीला मशीनसमोर उभी करू नका. आणि ते मशीन तापतं ना, ते तसंच तापू द्या."

बाबा हसले. आयुष्यभर तापलेल्या मोटारी सुधारणाऱ्या माणसाला कुणी सांगावं की मोटार तापू द्या! "सर, तो माझा प्रांत आहे," ते म्हणाले.

बोला ना सर, बोला! मी आतून टाहो फोडत होतो. सांगा त्यांना की निम्म्या वेळा हे तापलेलं नसायचंच! पण मिरची समोर उभी होती. तिच्यासमोर ते गुपित कसं फोडणार? आणि खरं म्हणजे सरांच्या मानेवरची शीर ताडताड उडत होती. त्यांनाही राग आला होता. ते वळले आणि लंगडत कुंपणाबाहेर निघून गेले. त्यांची बादली तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला त्यांच्या दुकानात नेलं.

मित्रांनो, तुम्हाला कधी टेबलावर आडवं करून उघडलं आहे का? माझं झाकण निघालं, चाकं निघाली, मोटार बाहेर आली. मी भीतीनं अर्धा झालो. पण बाबांचे हात खरोखर फार चांगले होते. त्यांनी जुनी काळी पडलेली तार एकेक वेढा करून सोडवली, नवी जाड तांब्याची तार इतकी सुबक गुंडाळली की कारखान्यातही तशी गुंडाळली नव्हती. हवा खेळती राहावी म्हणून पाठीला भोकं पाडली, आत छोटा पंखा बसवला. टोपली काढून धुण्याच्या मशीनचं मोठं भांडं लावलं, त्यात तिप्पट चेंडू मावायला लागले. शेवटी त्यांच्या चिमट्यात ती नखाएवढी पत्री आली.

"हीच ती!" ते मुलीला म्हणाले. "हिच्यामुळे सारखं बंद पडायचं. आता मोटार तापणारच नाही, मग हिचं काय काम?"

आणि त्यांनी ती पत्री डब्यात टाकली.

"म्हणजे आता हे थांबणारच नाही?" मिरचीनं विचारलं.

"तू दमशील, हे नाही दमायचं," बाबा अभिमानानं म्हणाले.

ती हसली. किती दिवसांनी हसली! बापलेकींनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि मी मात्र आतून गार पडलो होतो. माझा एकमेव लगाम त्या डब्यात पडला होता.

मग ते दिवस सुरू झाले. तो चुकलेला स्मॅश मिरचीच्या डोक्यातून जात नव्हता. बाबांनी माझं तोंड वर केलं आणि मी उंच चेंडू फेकू लागलो. एक, आणि तीन सेकंदांनी दुसरा, आणि तीन सेकंदांनी तिसरा. पूर्वी शंभराला माझी दमछाक व्हायची. आता भांडं रिकामं होईपर्यंत मी थांबत नव्हतो, आणि भांड्यात तीनशे चेंडू होते. ते संपले की बापलेक मिळून चेंडू गोळा करायचे आणि पुन्हा भांडं भरायचे. बाबा बोटावर मोजायचे आणि घरी जाताना म्हणायचे, "आज सहाशे!" मग एक दिवस म्हणाले, "आज नऊशे!"

मला सगळं दिसत होतं. चारशेव्या चेंडूला तिचं कोपर खाली यायचं. पाचशेव्याला ती खांद्याऐवजी कंबर वाकवून मारायची. सहाशेव्याला चेंडू मारल्यावर तिचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं. बाबा माझ्याकडे बघत असायचे, मोटारीवर हात ठेवून. "बघ, गार आहे! गार!" असं म्हणून खूश व्हायचे. अहो, माझ्यावर काय हात ठेवता, तिच्या खांद्यावर ठेवा ना! पण मला तोंड आहे ते फक्त चेंडू टाकायला.

मैदानवाल्या काकांना शंका आली होती. एकदा झाडता झाडता ते म्हणाले, "अहो, पोरीला जरा बसू द्या की."

"तिला विचारा," बाबा म्हणाले. "काय गं, दमलीस?"

"नाही!" मिरची ओरडली. आणि काय बोलणार ती?

रोज सकाळी पत्र्याचं दार करकरलं की मी आधी तिच्या खांद्याकडे बघायचो. आज होणार, असं वाटायचं. संध्याकाळी दार लागलं की वाटायचं, टळलं बुवा, आजचा दिवस तरी टळला. देवाला हात जोडायला मला हात नाहीत. मी मनातल्या मनात वीज जावी म्हणून प्रार्थना करायचो. वायर कुरतडायला उंदीर यावा असं वाटायचं. एरवी उंदराचा नुसता आवाज आला तरी मी घाबरतो. पण उंदीर आला नाही आणि वीजही गेली नाही.

स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. दुपारचे चार वाजले असतील. दुकानातून फोन आला म्हणून बाबा मला सुरू ठेवून कुंपणाबाहेर गेले. काका पलीकडच्या कोर्टावर पाणी मारत होते. भांड्यात दोनशेहून जास्त चेंडू बाकी होते.

मी एक चेंडू फेकला. मिरचीनं हात वर नेला आणि एक बारीकसा आवाज आला. रॅकेटचा नव्हे. तिच्या तोंडून आलेला. तिचा हात अर्ध्यावरून खाली पडला, ओल्या फडक्यासारखा.

आता ही बाजूला होईल, असं मला वाटलं. पण तीन सेकंद झाले होते आणि मी दुसरा चेंडू फेकला होता. आणि मित्रांनो, तिनं तोही मारला! डाव्या हातानं उजवं मनगट धरून हात वर ढकलला आणि मारला. चेंडू येतोय म्हणून ती मारत होती, आणि ती उभी आहे म्हणून मी फेकत होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अजून! अजून!" असं ती दातओठ खात म्हणत होती. मला म्हणत होती की स्वतःला, कोण जाणे. तापून जा रे फेक्या, तापून जा, असं मी मोटारीला विनवत होतो. पण बाबांनी इतकं चोख काम केलं होतं की मोटार बर्फासारखी गार होती.

सातव्या चेंडूला रॅकेट तिच्या हातातून गळाली. ती गुडघ्यांवर बसली. पुढचा चेंडू तिच्या पाठीत बसला. त्याच्या पुढचाही. मी! मी मारत होतो तिला! आयुष्यभर ज्या गोष्टीला भ्यालो तीच माझ्या तोंडून सुटत होती, दर तीन सेकंदांनी. शेवटी काका पाण्याचा पाइप टाकून धावत आले आणि त्यांनी माझी वायर हिसडून काढली.

वेग वाढवलेला असला की ती दोन चाकं थांबायला अर्धं मिनिट लागतं. एवढं लांब अर्धं मिनिट मी पुन्हा कधी काढलं नाही.

पुढचं मला काकांच्या बोलण्यातून कळलं. खांद्याच्या आतला स्नायू फाटला होता. सहा महिने रॅकेटला हात लावायचा नाही. त्यानंतर हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही, ते डॉक्टर आज सांगू शकत नव्हते. निवड स्पर्धा तिच्याविना झाली.

चार दिवसांनी खोलीचं दार उघडलं. बाबा आत आले. त्यांच्या हातात हातोडा होता. मी म्हटलं, संपलं. आणि खरं सांगू, मला ते मान्य होतं. त्यांनी हातोडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि तसेच खाली बसले. मोठ्या माणसाला असं हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच वेळी दारात सर येऊन उभे राहिले. काकांनीच त्यांना निरोप धाडला असावा.

"सर, हे तापायचं तेव्हा..." बाबांना पुढे बोलवेना.

"निम्म्या वेळा तापलेलं नसायचंच," सर म्हणाले. "मी बंद करायचो. ती माझं ऐकायची नाही. मशीनचं ऐकायची."

बाबांनी हातोडा खाली ठेवला. "मला सांगायचं होतंत हो!"

"सांगायला हवं होतं. ती समोर होती, म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या दुकानात येता आलं असतं मला. मी रागात घरी बसून राहिलो. माझं चुकलंच."

सर त्यांच्या शेजारी खाली बसले. मग बाबा म्हणाले, "परत या सर. तिला गरज आहे तुमची."

"मला तुम्ही बोलावून चालणार नाही. तिनं बोलवलं पाहिजे."

ती काही बोलवेना. पाच महिने झाले. मी कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होतो. भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली की माझा जीव टांगणीला लागायचा. मग एका सकाळी मिरची आली. हात बरा दिसत होता, पण ती तो पोटाशी धरून चालत होती. पूर्वी मैदानात वाऱ्यासारखी शिरणारी मुलगी उंबऱ्यापाशीच अडखळली. माझ्याकडे बघून ती मागे सरकली. ती मला घाबरत होती! मला, या भित्र्याला! मित्रांनो, मी लाजेनं मेलो.

काकांनी निरोप धाडल्यावर सर तिच्या मागून आले. बाबांनी तिला घरी सगळं सांगितलं असावं, कारण ती गर्रकन वळली आणि म्हणाली, "तुम्ही पाच वर्षं मला फसवत होतात. मशीन मुद्दाम बंद करायचात."

"हो."

"का?"

"तुला थांबवायचा दुसरा मार्ग मला सापडला नाही म्हणून."

"मला राग येतोय तुमचा. खूप राग येतोय."

"येऊ दे," सर म्हणाले. "पण आता मी फसवणार नाही. बटण मी दाबीन, पण केव्हा दाबायचं ते तू सांगायचं. मोठ्यांदा. मला ऐकू येईल असं."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मी तुझा कोच नाही. पाहिजे असेल तर रागव, रॅकेट आपट, मला शिव्या दे. तेवढं मी सोसेन. दुखणं लपवलंस तर मात्र मला जमायचं नाही."

ती इतक्या हळू आवाजात "या उद्यापासून," म्हणाली की मलाही जेमतेम ऐकू आलं.

बाबांनी मला पुन्हा उघडलं. डब्यातली ती पत्री शोधून परत जागेवर बसवली. मोठं भांडं काढून जुनी टोपली लावली. या वेळी ते एक शब्दही बोलले नाहीत. महिन्याभरानं डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मला बाहेर आणलं. टोपलीत फक्त वीस चेंडू होते. माझं तोंड खाली केलेलं, वेग सगळ्यात कमी. स्मॅश नाही, नुसते गुडघ्याएवढे, हळू चेंडू. बाबा कुंपणाबाहेर उभे होते, तार दोन्ही हातांनी घट्ट धरून. सर माझ्या शेजारी होते.

"सुरू करू?" त्यांनी विचारलं.

मिरचीनं मान हलवली. तिनं रॅकेट दोन्ही हातांनी धरली. माझी चाकं फिरू लागली.

पहिला चेंडू तिनं मारला. दुसरा मारला. पाचवा जाळीत गेला, तिचा पाय वर उठला आणि तिनं तो हळूच खाली ठेवला. दहावा अगदी जुन्यासारखा, सणसणीत बॅकहँड! कुंपणाबाहेरून बाबांच्या तोंडून काहीतरी निघालं आणि त्यांनी ते गिळलं. अकरावा. बारावा. बाराव्याला तिचं कोपर किंचित खाली आलं. मला दिसलं. सरांनाही दिसलं. या वेळी वाकून त्यांनी बोट बटणावर ठेवलं होतं, पण ते दाबत नव्हते. दाबा ना हो! तेराव्याला तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. सर दाबत नव्हते. बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चौदावा चेंडू माझ्या चाकांत शिरला आणि मला वाटलं, पुन्हा तेच, देवा, पुन्हा तेच.

"थांबा!" मिरची ओरडली. "सर, थांबा. दुखतंय."

बटण खाली गेलं. चौदावा चेंडू माझ्या तोंडातून घरंगळून पायाशीच पडला. मिरची तिथेच मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडू लागली. सर लंगडत जाळीला वळसा घालून तिच्यापाशी गेले आणि खाली बसले. "कुठे दुखतंय? दाखव," एवढंच म्हणाले. तिनं बोट ठेवून दाखवलं. बाबांना आत यायचं दार सापडत नव्हतं, ते कुंपणाच्या बाहेरून नुसतेच इकडून तिकडे धावत होते.

तो खांदा पूर्ण बरा होईल का, ती पुढच्या वर्षी निवडली जाईल का, मला ठाऊक नाही. मी अजूनही रोज भितो. पण मित्रांनो, तुम्हाला एक हात जोडून सांगणं आहे. म्हणजे हात तुम्हीच जोडलेत असं समजा. आम्हाला तेलपाणी करा, धूळ पुसा, पावसात भिजू देऊ नका, हे तर कराच. पण कुणाला, कितीही हुशार असो, कितीही तापट असो, आमच्यासमोर एकटं सोडून जाऊ नका. तुम्ही सांगाल तेवढं आम्ही करतो, आणि थांबवलं नाही तर करतच राहतो. आमचं बटण बाहेरच्या अंगाला असतं. तिथे माणसाचंच बोट लागतं.